ओल्या शालीवरची हळद

मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळद यायला लागली की आमच्या गल्लीत ते सगळ्यात आधी कपड्यांना कळतं. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारी काढायला जावं, तर खांद्यावर फिकट पिवळी झाक चढलेली असते. मग वास जाणवतो. मातीचा, थोडा तिखट, थोडा औषधी. हिंगोलीतल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. यंदा तो आला तेव्हा मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. सवयीनं आत हाक मारायला तोंड उघडलं, 'विमल, हंगाम सुरू झाला गं,' आणि तसंच मिटलं.

विमल, माझी बायको, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. ती आरोग्यसेविका होती. सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या एका उपकेंद्रात तिची जवळजवळ सगळी नोकरी गेली. चार गावं, काही वस्त्या आणि बंजाऱ्यांचा एक तांडा, एवढं तिचं जग. मी तिथल्याच हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि ग्रंथालयाची किल्ली सांभाळायचो. मी निवृत्त झाल्यावर आम्ही मोंढ्यामागं हे घर घेतलं. ती मात्र रोज सकाळची एसटी धरून कामावर जात राहिली. तिचीही निवृत्ती जवळ आली होती. एका सकाळी तिनं पर्स खांद्याला लावली, दारात थांबली, म्हणाली, "जरा पाणी देता का, सर?" आणि पायरीवर बसली. मी पाणी घेऊन आलो. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

ती मला 'सर' म्हणायची. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

आमच्या लग्नात हळद नव्हती. माझे वडील, अण्णा, या बाबतीत फार कडक. पांढरे कपडे, त्रिसरण, पंचशील, हार, आणि लग्न लागलं. विमलच्या मावश्या मागच्या खोलीत हळदीची वाटी लपवून बसल्या होत्या म्हणे, पण अण्णांसमोर ती बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. विमल हे कितीतरी वर्षं सांगून हसायची. हंगामात संध्याकाळी घरी आली की पिवळे तळवे माझ्यापुढं धरायची. "बघा सर. अण्णांनी लागू दिली नाही, ती नोकरीनं लावली. दर वर्षी लावते."

इथं मोंढ्यात दिसते ती हळद वाळलेली, पोत्यात भरलेली, भाव सांगून मोकळी होणारी. धरणाकडं ती ओली असते. पाला कापला की जमीन उकरली जाते, गड्डे वर येतात, बायका ओळीनं बसून त्यांची माती झाडतात आणि हळकुंडं मोडून वेगळी करतात. मग कुकर लागतो. कुकर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. मोठमोठे लोखंडी ड्रम, त्यात हळद शिजते. सकाळच्या गारव्यात रानारानातून पांढऱ्या वाफेचे खांब उभे असायचे आणि उकडलेल्या रताळ्यासारखा वास वर्गापर्यंत यायचा. नंतर वाळवण, आणि वाळवणानंतर पॉलिश. तो फिरता ड्रम सुरू झाला की धुरळा उठायचा आणि शेळ्या, कुत्री, एसटीच्या काचा, सगळं पिवळं. तेच दिवस परीक्षेचेही. मी लाल पेन घेऊन उत्तरपत्रिका तपासायला बसायचो आणि पानाच्या कडेला पिवळा अंगठा उमटलेला दिसायचा. नाव न बघता कळायचं, कुणाच्या घरी पॉलिश चाललंय.

या दिवसांत लसीकरणाला उपकेंद्रावर कुणी फिरकायचं नाही. गावच हळदीत. मग विमल लसींची पेटी मांडीवर धरून शेखभाईंच्या मोटारसायकलवर मागं बसायची आणि रानात जायची. शेखभाई तिथले आरोग्यसेवक, तिच्याबरोबरच नोकरीला लागलेले. सुट्टीच्या दिवशी कधी मीही सायकल घेऊन मागोमाग जायचो. लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत लेकरू, आई पलीकडं वाफेत.

"सिस्टर, आत्ता न्हाई! कुकर लागलाय माझा!"

"कुकर तुझा लागलाय, लेकराचा नाही. आण इकडं."

"रडल ना ते."

"रडू दे. तू रडली नव्हतीस का? तुझ्याच दंडाला टोचलंय मी, या लिंबाखाली. शेखभाई, सांगा हिला."

"बराबर हाय," शेखभाई म्हणायचे. "आन तू तर चावली व्हतीस सिस्टरला."

बायका हसायच्या, झोळी सोडली जायची. विमलला घाई अशी कधी नसायची. सुई टोचून झाली की लेकरू स्वतःच्या खांद्यावर घेऊन ती उभ्या उभ्या डुलायची, आणि आई परत वाफेत शिरायची.

फेब्रुवारी सरता सरता शेखभाई घरी आले. डोक्यावरची टोपी हातात घेऊन बसले. चहा मीच केला, त्यात साखर घालायला विसरलो, आणि त्यांनी तो तसाच पिऊन टाकला. मग म्हणाले, "सर, जिल्ह्यात कर्मचाऱ्यांचा गौरव हाय. चांगलं काम केलेल्यांचा. सिस्टरचं नाव निवडलं. मरणोत्तर."

मी त्यांचा रिकामा कप उचलला.

"तुमाला यावं लागंल. शाल तुमच्या खांद्यावर घालतील. मानपत्राचा मजकूर पण आणलाय, जरा बघा. आमचं मराठी म्हंजे रिपोर्टाचं मराठी."

मी कागद घेतला. वर लिहिलं होतं, 'कै.', त्यावर काट मारून 'कालकथित', त्यापुढं प्रश्नचिन्ह. शेखभाई ओशाळून म्हणाले, "तुमच्यात काय लिहितात ते मला पक्कं म्हाईत न्हाई, सर. म्हनून विचारायला आलो."

आमच्यात कालकथितच लिहितात. पण मी दोन्ही शब्द खोडले. "नुसतं विमल लिहा," मी म्हणालो. "आरोग्यसेविका." बाकीचा मजकूर मी वाचला नाही. आणि येणार नाही, असंही सांगून टाकलं.

का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. इथं सांगतो. विमल गेल्यापासून मी मनात एक सोय करून घेतली होती. ती कामावर गेलीय. एसटी चुकली असेल, तांड्यावर कुणाचं बाळंतपण अडलं असेल, येईल. खानावळीतून एका माणसाचा डबा यायचा, तो मी ओसरीवरच खायचो. स्वयंपाकघरात तिनं भरून ठेवलेले डबे तसेच होते, त्यातला एकही मी उघडला नव्हता, कारण डबा उघडला की संपायला लागतो. आता चारचौघांत नाव पुकारलं जाणार, टाळ्या होणार आणि शाल माझ्या खांद्यावर पडणार. कामावर गेलेल्या माणसाचा सत्कार दुसऱ्याच्या खांद्यावर होत नाही. ती शाल घेतली की विमल परत येणार नाही, हे मी स्वतःच्या हातानं कबूल केल्यासारखं होणार होतं.

शेखभाई उठले. दारात जाऊन म्हणाले, "जमनाबाई म्हनून राहिली, सर आले न्हाईत तर शाल मी घेते. मी तर येनारच म्हनती."

जमनाबाईचं नाव ऐकून मला हसू आलं, आणि हसू आलं याचंच नवल वाटलं.

जमनाबाई तांड्यावरची. विमलची आणि तिची गाठ एका चुकीनं पडली, आणि चूक विमलची होती. उपकेंद्रावरचा तो तिचा पहिलाच हंगाम. तिचं माहेर सेनगावकडचं, ज्वारी-कापसाच्या रानातलं. तिकडं हळद डब्यात असायची, रानात नाही. जमनाबाईच्या सुनेला पहिला मुलगा झालेला, चार-पाच दिवसांचा. विमल बघायला गेली तेव्हा आभाळ भरून आलं होतं, खोपटाचं दार बुटकं, आत अंधूक. लेकरू कपाळापासून बेंबीपर्यंत पिवळंधमक. डोळे उघडायलाही तयार नाही. विमल दाराकडं वळून ओरडली.

"कावीळ आहे. आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्यायचं."

"आवो सिस्टर, ते—"

"बोलत बसायला वेळ नाही!"

शेखभाई पळत जाऊन जीप घेऊन आले. बाळ, बाळंतीण, जमनाबाई, सगळे जीपमध्ये. वाटेत जमनाबाईनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा विमलनं हात वर करून तिला गप्प केलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कापसाचा बोळा ओला केला आणि बाळाच्या छातीवरून फिरवला. बोळा पिवळा झाला. बोळ्याखालचं लेकरू छान तांबूस होतं, आणि अंगाला गार लागल्यावर त्यानं जे भोकाड पसरलं, ते बाहेरच्या झाडाखाली उभ्या शेखभाईंना ऐकू गेलं.

"वाटंभर तेच सांगून राहिले व्हते मी!" जमनाबाई म्हणाली. "सकाळी तेलात हळद कालवून चोळली त्याला. पर ही बाई बोलूच देईना!"

त्या दिवशी विमल जेवली नाही. बदली मागते म्हणाली. लोक उद्या माझ्या शब्दावर विश्वास कसा ठेवतील, हेच पुन्हा पुन्हा. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "तुमचं काय सर, तुमच्याकडच्या चुका लाल पेनानं मिटतात." दुसऱ्या दिवशी तरी गेलीच. तांड्यावरच्या हातपंपापाशी बायकांनी तिला लांबूनच पाहिलं. "आली गं, हळदीची सिस्टर आली! लेकरं लपवा, न्हाईतर जीपमधी घालून नेईल!"

जमनाबाईनं तिला दारात बसवलं, चहा पुढं ठेवला. म्हणाली, "काहून तोंड पाडून राहिल्या? चुकलं तर चुकलं. माझ्या नातवासाठी तुमी अशा पळाल्या, अशी माझी लेकबी पळली नसती."

पुढच्या महिन्यात शेजारच्या घरी मुलगी झाली. विमल पोचायच्या आत जमनाबाई तिथं हजर. जुन्या धोतराचं पांढरं फडकं ओलं करून तिनं बाळाचं कपाळ पुसलं आणि ते फडकं विमलच्या नाकापुढं नाचवलं. "बघा सिस्टर, हळदच हाय! जीप नका आणू!" सगळा तांडा हसला. विमलही हसली. आणि हसता हसता तिनं जे केलं, ते तिलाच सुचावं. म्हणाली, "असंच पुसत जा. प्रत्येक लेकराला. पण आत अंधारात नाही, उजेडात. फडकं पिवळं झालं तर माझ्यावर हसा. फडकं पांढरंच राहिलं आणि लेकरू पिवळंच दिसलं, तर मात्र हसू नका, मला हाक मारा."

थट्टाच होती ती, पण थट्टेला वर्षं होत गेली की तिचा रिवाज होतो. तांड्यावर मूल झालं की घरातली म्हातारी ते उजेडात आणायची, ओलं फडकं फिरवायची आणि फडकं वर धरून ओरडायची, "हळदच हाय!" मग सगळ्या हसायच्या. नव्या सुनांना त्यामागची गोष्ट सांगितली जायची, दर वेळी थोडी वाढवून. एका गोष्टीत तर विमलनं जीप स्वतः चालवली होती. तांड्याच्या लेकींनी हे फडकं आपापल्या सासरी नेलं, तिथून ते आजूबाजूच्या गावांतही गेलं. आणि एका वर्षी, पॉलिशचे दिवस असताना, जमनाबाईनं एका बाळाचं कपाळ पुसलं आणि फडकं वर धरलं नाही. परत भिजवलं, परत पुसलं. पांढरंच. कुणी हसलं नाही. बाळ त्याच दुपारी हिंगोलीला गेलं, निळ्या दिव्याखाली काही दिवस राहिलं आणि चांगलं होऊन घरी आलं. विमल त्या दिवसाबद्दल फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ह्यावेळी हाक त्यांनी मारली, सर. मी नंतर पोचले."

समारंभाच्या दिवशी सकाळी मी सदरा घातला आणि स्वतःलाच म्हणालो, मोंढ्यापर्यंत फिरून येतो. मोंढ्यात ट्रॅक्टरांची रांग लागली होती, पोती उतरत होती, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होत्या. त्या धुरळ्यातून चालत चालत मी सभागृहाशी कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही. जमनाबाई एकटी शाल घेईल, हे मात्र डोक्यात होतं.

सरकारी सत्काराची थट्टा करायची आपल्याला सवय आहे. शाल, नारळ, फ्रेम, फोटो. मीही करायचो. पण त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून मी आजूबाजूची माणसं पाहिली. कुरुंद्याकडून आलेली एक अंगणवाडीची बाई नवं लुगडं पुन्हा पुन्हा सारखं करत होती, तिची सासू मोबाइल उलटा धरून तिचा फोटो काढायला धडपडत होती. वसतिगृहाचे एक गृहपाल नाव पुकारलं जायच्या आधीच दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले. वर्षानुवर्षं यांनीच दुसऱ्यांची नावं पुकारली, रांगा लावल्या, लेकरं मोजली. स्वतःचं नाव ऐकायची यांना सवय नव्हती. नाव ऐकलं की प्रत्येक जण आधी मागं वळून बघत होता, आपल्याच नावाचं दुसरं कुणी असेल म्हणून.

जमनाबाई माझ्या शेजारी. तिचा नातू, तोच तो जीपमधून नेलेला, हळदीचा ट्रॅक्टर मोंढ्यात घेऊन आला होता, त्याच्याबरोबर पोत्यांवर बसून ती आली. ओढणीच्या आरशांवरसुद्धा हळद बसलेली. साहेबांच्या घरच्या मंडळींनी जरा सरकून घेतलं, तशी ती पाय पसरून ऐसपैस बसली. "जागा बरी केली पोरींनी," म्हणाली.

मग विमलचं नाव आलं. मी उभा राहिलो. निवेदिका वाचू लागली. "...यांनी नवजात शिशूंमधील काविळीच्या प्राथमिक ओळखीसाठी लोकसहभागातून अभिनव उपक्रम राबविला..."

"उपक्रम कशाचा!" जमनाबाईचा आवाज सभागृहभर गेला. "चूक व्हती ती! माझ्या नातवाला हळद चोळली व्हती मी! सिस्टरनं जीप पळवली!"

निवेदिकेनं कागदावरून मान वर केली. मागून शेखभाईंचा आवाज आला, "बराबर हाय! जीप मीच आणली व्हती!" आणि सभागृह हसलं. व्यासपीठावरचे साहेब हसले, पुन्हा उठून उभे राहिलेले गृहपाल हसले, आणि मीही हसलो, पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच चांगला मोठ्यानं. मानपत्रात जी विमल नव्हती, ती त्या हसण्यात होती. घाबरलेली, पळणारी, कुणाचं न ऐकणारी, आणि चुकली म्हणून रात्री उपाशी राहिलेली. हसता हसताच मी पायऱ्या चढलो. शाल खांद्यावर पडली ती कुणी घातली, हे मी पाहिलंही नाही. मला वाटलं होतं तेवढी ती जड नव्हती.

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायऱ्यांवर जमनाबाईनं मला थांबवलं आणि बघत राहिली.

"सर, जेवता का न्हाई?"

"जेवतो की."

"तोंड पिवळं दिसून राहिलं तुमचं."

"हळद असेल. मोंढ्यातून आलो."

"ते मी ठरवीन. इकडं या. सावलीत नका उभे राहू, उजेडात या."

मी उजेडात गेलो. समारंभात मिळालेली पाण्याची बाटली तिनं उघडली, माझ्या खांद्यावरच्या त्या कोऱ्या पांढऱ्या शालीचं टोक धरलं आणि चांगलं भिजवलं.

"अरे, गौरवाची शाल हाय ती!" शेखभाई ओरडले.

"मग? सिस्टरचीच हाय ना?"

तिनं माझं कपाळ पुसलं. दोन्ही गाल पुसले. हात खरखरीत, पुसणं मात्र हलकं, लेकराला पुसावं तसं. मग तिनं टोक उजेडाकडं धरलं. मी डोळे मिटून उभा होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

"उघडा डोळे," ती म्हणाली. "बघा."

शालीचं टोक पिवळं झालं होतं.

"हळदच हाय!" जमनाबाई ओरडली, तांड्यावर ओरडायची तशीच, शाल वर धरून. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. "आतून काई झालं न्हाई तुमाला, सर. उपाशी हाव तुमी, दुसरं काई न्हाई."

"घरी चला," मी म्हणालो. "दोघंही. जेवूनच जा."

घरी येऊन मी शाल दोरीवर टाकली आणि स्वयंपाकघरात गेलो. जमनाबाई पाट घेऊन भिंतीला टेकून बसली, शेखभाई कांदा चिरू लागले, आणि मीठ किती, पाणी किती, यावर दोघांचं भांडण सुरू झालं. डाळ शिजत आली. फळीवरचा विमलचा हळदीचा डबा मी खाली काढला. झाकण घट्ट बसलं होतं, जरा जोर लावावा लागला. चमचा सापडेना, म्हणून चिमटीनंच घेतली.

वरणाला उकळी आली. मी माझी पिवळी बोटं बघत उभा राहिलो.